बेहड्याचे झाड आणि पाच पत्रावळी

एका जंगलात पाच नगरे होती. मुलांनो, नगर म्हणजे काय, ते विचारू नका. जिथे चिखल असतो आणि सभा भरते, त्याला नगर म्हणतात.

पाच नगरांच्या मधोमध एक धबधबा होता. पाणमांजरांनी त्याच्याखाली एक मोठे लाकडी चाक बसवले होते. पाणी पडले की चाक फिरे. चाकाला एक लांबलचक वेल गुंडाळली होती. ती झाडाझाडांवरून पाचही नगरांत जाई आणि वळसा घेऊन परत येई. चाक फिरले की वेल सरके. वेल सरकली की नगरांतली कामे होत. कुठे बिया फुटत, कुठे पाळणे हलत. अस्वलांच्या नगरात तर पाठ खाजवायचे यंत्र होते.

चाक सगळ्यांचे, म्हणून पाचही नगरांनी मिळून एक मंडळ काढले. नाव ठेवले, पंचनगर संयुक्त चक्रशक्ती मंडळ. हे नाव एका दमात म्हणता आले की सभासद होता येई. ससे त्यामुळेच बाहेर राहिले.

पाचवे नगर जांभूळनगर. वेल तिथे सगळ्यांत शेवटी पोचे. तोवर तिच्यातला जोर वाटेतच वाटला गेलेला असे. जांभूळनगरात वेल सरकत नसे. नुसती थरथरे.

त्या थरथरीला एक झावळी बांधली होती. झावळी हलली की नगराध्यक्ष गवाअण्णांच्या पाठीवरच्या माशा उडत. कधी उडत, कधी नाही. नगराला त्याचा फार अभिमान होता. पाहुणे आले की त्यांना आधी झावळी दाखवत.

आता गोष्ट सगुणा शेकरूची आहे. नीट बसा.

सगुणा जांभूळनगरातल्या सर्वांत उंच बेहड्यावर राहायची. तिची आई त्याच झाडावर जन्मली आणि ती स्वतःही. फांद्यांवर तिची तीन घरटी होती. एक झोपायला, एक रिकामे आणि एकात तिचे पिल्लू. पिल्लू नुकतेच फळे कुरतडायला लागले होते. उडी मारायला अजून दोन महिने होते. शेकरूच्या पिल्लाला उडी येईपर्यंत झाड बदलता येत नाही. एवढे लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल.

एके दिवशी सकाळी बेहड्याच्या बुंध्यावर टकटक झाली.

सगुणाने खाली पाहिले. सुतारपक्षी होता. गळ्यात दोरी, दोरीला गाठी.

"कोण हवंय?" सगुणाने विचारले.

"कोणी नको. झाड हवंय," तो म्हणाला. "मी मंडळाचा मोजणीदार. सहा वाव सरळ. गाठ नाही, पोकळी नाही. झकास आहे."

"कशाला झकास?"

"दुसऱ्या चाकाला. प्रत्येक नगरानं एकेक झाड द्यायचं ठरलंय. तुमच्या नगराच्या वाट्याला हे आलं."

"दुसरं चाक कुठं बसवणार?"

"उत्तरेच्या नाल्यावर."

"त्या नाल्यात पाणी नाही, भाऊ. माझ्या आजीनंसुद्धा कधी बघितलं नव्हतं."

"आधी चाक बसवायचं," सुतारपक्षी समजावून म्हणाला. "चाक दिसलं की पाणी येतं. असं अध्यक्षांचं मत आहे."

"आणि आमच्या नगरानं याला होकार दिला?"

"तत्त्वतः दिलाय. मागच्या सभेत. अंतिम होकार येत्या अमावास्येच्या दुपारी. मग कुऱ्हाड." त्याने चोचीने सालीवर फुली मारली आणि तो उडून गेला.

सगुणा तडक देखरेख समितीकडे गेली.

जांभूळनगर आंधळेपणाने सभासद झालेले नव्हते. मंडळातल्या आपल्या सभासदत्वावर नगराची करडी नजर होती. त्यासाठी एक समिती होती. समितीत एक बगळा होता. तो वेशीवरच्या दगडावर एका पायावर उभा राहून देखरेख करी. नगराचा प्रतिनिधी सभेला निघाला की बगळा म्हणे, "गेले." परत आला की म्हणे, "आले." मग पाय बदले.

"बगळेबुवा, मागच्या सभेत आपल्या प्रतिनिधींनी काय केलं?" सगुणाने विचारले.

"गेले आणि आले."

"मधे काय केलं?"

"मधलं माझ्या कक्षेत येत नाही," बगळा डोळे मिटूनच म्हणाला. "पण अहवाल आहे. ऐका. प्रतिनिधी जाताना बारीक होते. येताना जाड होते. यावरून सभासदत्वापासून वाढ होत आहे, असे समितीचे मत आहे."

"वाढ कुणाची?"

"तेही कक्षेत येत नाही."

नगराचा प्रतिनिधी होता तुळाजी रानडुक्कर. चौदा वर्षे तोच सभेला जात होता. सगुणा गेली तेव्हा तो चिखलात पडला होता. वर फक्त नाक होते.

"तुळाजीराव, माझं झाड का दिलंत?"

"मी दिलं?" नाक म्हणाले. "मी कधी कुणाला काही दिलेलं नाही. विचार नगरात."

"मग होकार कुणी दिला?"

"होकार दिला नाही. जेवलो."

मुलांनो, इथे थांबून मंडळाची एक रीत सांगायला हवी.

मंडळाच्या पहिल्याच सभेत जेवण आधी वाढले गेले आणि ठराव नंतर आला. अध्यक्षांनी विचारले, ठराव मंजूर आहे का? सगळ्यांच्या तोंडात घास होता. तोंडात घास असताना बोलू नये, हे सगळ्यांना लहानपणी शिकवलेले होते. संस्कार चांगले होते. कोणी बोलले नाही. अध्यक्षांनी वाट पाहिली, मग पत्रावळींकडे पाहिले. सगळ्या चाटूनपुसून स्वच्छ. अध्यक्ष म्हणाले, यांना पसंत दिसते.

तेव्हापासून मंडळात हात वर करत नाहीत. पत्रावळी मोजतात. पत्रावळ रिकामी, तो होकार. भरलेली, तो नकार. अर्धी टाकली, तर दुरुस्तीसह मंजूर. एका जरी नगराची पत्रावळ भरलेली राहिली, तरी ठराव बारगळतो.

चौदा वर्षांत एकही पत्रावळ भरलेली राहिली नव्हती. स्वयंपाक पाणमांजरी करत. त्यांच्या हाताला चव होती.

"म्हणजे तुम्ही नुसतं जेवला नाहीत तरी माझं झाड वाचेल?" सगुणाने विचारले.

तुळाजी चिखलातून उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली.

"नुसतं?" तो म्हणाला. "बाई, उंबराची खीर असते तिथं. भाजलेले कंद असतात. मोहाची फुलं तुपात परतून..."

"एक दिवस उपास करा."

"नगराची शान असते. प्रतिनिधीनं पान टाकलं तर चार नगरं काय म्हणतील?"

"माझं पिल्लू आहे हो त्या झाडावर. त्याला उडी येत नाही."

तुळाजी हळूच म्हणाला, "पिल्लाला खीर आवडते का?"

सगुणाने नगराची सभा बोलवायला लावली.

सभा नेहमीच्या जागी भरली. मधोमध एक लांब ओंडका पडलेला होता, त्यावर सगळे दाटीवाटीने बसले. समोर गवाअण्णा, त्यांच्यामागे झावळी थरथरत होती.

"अण्णा," सगुणा म्हणाली, "आपण या मंडळात चौदा वर्षं आहोत. आपल्याला त्यातून मिळतं काय?"

"सभासदत्व," गवाअण्णा म्हणाले.

"आणि ते घेऊन करायचं काय?"

"टिकवायचं."

सभेने माना डोलावल्या. एका म्हाताऱ्या भेकराच्या डोळ्यांत पाणी आले.

"टिकवा," सगुणा म्हणाली. "पण तुळाजीरावांना या खेपेला जेवू नका म्हणावं. तेवढंच मागते."

बरीच चर्चा झाली. प्रतिनिधीच्या पोटात नगराने ढवळाढवळ करावी का, असा मोठा प्रश्न निघाला. शेवटी ठराव झाला, तो असा. "प्रतिनिधीने न खाण्याचा प्रयत्न करावा."

"करतो प्रयत्न," तुळाजी म्हणाला.

"आत्ताच करून दाखवा," सगुणा म्हणाली आणि तिने त्याच्यासमोर एक उंबर ठेवले.

तुळाजीने तोंड फिरवले. घाम आला. त्याने डोळे मिटले. नाक मिटत नव्हते. सभा श्वास रोखून बसली. मग काय झाले ते कोणाला नीट दिसले नाही. उंबर गेले होते. खालचे पान गेले होते. शेजारी बसलेल्या सगुणाच्या शेपटीचे चार केसही गेले होते.

"प्रयत्न मनापासून होता," गवाअण्णा म्हणाले. "नोंद घ्या."

"मग दुसरं कोणी पाठवा," सगुणा ओरडली. "या नगरात न खाणारं कोणीच नाही का?"

तेवढ्यात सगळ्यांच्या बुडाखालून आवाज आला.

"मी आहे."

ओंडका बोलला होता. मुलांनो, तो ओंडका नव्हता. ते अजगरआबा होते. दोन महिने सभा त्यांच्यावर बसत होती आणि त्यांनाही त्याचे काही वाटले नव्हते.

"एकदा पोट भरलं," अजगरआबा सावकाश म्हणाले, "की दोन महिने मी कशाला तोंड लावत नाही. समोर अमृत ठेवलंत तरी बघणार नाही."

"वा!" गवाअण्णा म्हणाले. "असाच प्रतिनिधी पाहिजे. उद्याच निघा."

"पोट भरलं की, म्हणालो. सध्या रिकामं आहे."

सभा ओंडक्यावरून उठली. फार पटकन उठली.

"आहाराची सोय नगर करील," गवाअण्णा दहा पावले मागे जाऊन म्हणाले. "त्यासाठी एक समिती नेमू. कोण येतंय समितीत?"

कोणी आले नाही. पण तुळाजी पुढे आला. रागाने त्याची आयाळ उभी राहिली होती.

"चौदा वर्षं!" तो म्हणाला. "चौदा वर्षं मी त्या पाटावर बसलो. ऊन म्हटलं नाही, खीर म्हटलं नाही. आणि आता हा लोळणारा माझ्या जागेवर जाणार?"

तो तरातरा अजगरआबांच्या तोंडापुढे जाऊन उभा राहिला.

"तुळाजीराव, जरा अलीकडं या," सगुणा म्हणाली.

"तू गप्प बस, शेपटे! अरे ए अजगरा, तुला मंडळातलं काय कळतं? उघड तोंड आणि सांग."

अजगरआबांनी तोंड उघडले.

सगुणाने डोळे मिटले. उघडले तेव्हा तुळाजीची फक्त शेपटी बाहेर होती. ती दोनदा हलली. नमस्कार असावा.

गवाअण्णांनी घसा साफ केला.

"जुन्या प्रतिनिधींनी नव्या प्रतिनिधींना जागा दिली," ते म्हणाले. "असा मोठेपणा हल्ली दिसत नाही."

त्या रात्री सगुणाला जेवण गेले नाही. तुळाजी तिला आवडत नव्हता. पण आवडत नसणे वेगळे आणि हे वेगळे. तिने पिल्लाला जवळ घेतले. फुली मारलेल्या सालीतून डिंक ओघळत होता. तिने तो चाटून पाहिला. कडू होता.

अजगरआबांना वाट दाखवायला सगुणाच गेली. दुसरे कोणी त्यांच्या पुढे चालायला तयार नव्हते. मागेही नव्हते. पिल्लाच्या घरट्यात तिने सहा दिवसांचा चारा ठेवला आणि निघाली.

वेशीवर बगळा होता. "गेले," तो म्हणाला. मग त्याने एक डोळा उघडला. "या वेळी प्रतिनिधी जातानाच जाड आहेत. सुधारणा आहे."

ती झाडावरून, आबा खालून. आबा एक टेकडी चढत आणि दोन प्रहर झोपत. दर वेळी सगुणा खाली उतरून त्यांच्या कानाशी ओरडे. अजगराला कान नसतात, हे तिला दुसऱ्या दिवशी कळले. मग ती नाकावर जांभळे टाकू लागली.

अमावास्येच्या दुपारी दोघे धबधब्यावर पोचली.

सपाट खडकावर पाच पाट मांडले होते. पुढे पाच पत्रावळी. खिरीचा वास आसमंतात भरला होता. अध्यक्ष हूदोजी पाणमांजर ओल्या मिशांवरून हात फिरवत मधे बसला होता. चार नगरांचे प्रतिनिधी आधीच आले होते. अस्वल, सांबर, साळींदर आणि वानर. कोपऱ्यात सुतारपक्षी गाठींची दोरी घेऊन तयार होता.

अजगरआबा पाचव्या पाटाभोवती वेटोळे घालून बसले आणि लगेच झोपले. त्यांच्या मधल्या वेटोळ्याला मोठा फुगवटा होता. फुगवट्याला दोन टोके आली होती.

सगुणा वरच्या फांदीवर बसली. तिला पत्रावळ नव्हती. ती पाहुणी होती.

"ठराव," हूदोजी म्हणाला. "दुसऱ्या चाकासाठी प्रत्येक नगरानं एक झाड द्यावं. वाढा."

वाढले. उंबराची खीर. भाजलेले कंद. मोहाची फुले. अजगरआबांच्या पत्रावळीवरही वाढले. त्यांनी डोळासुद्धा उघडला नाही. अजगराला पापण्या नसतात, म्हणून डोळे उघडेच होते, पण पाहिले नाही.

एक प्रहर गेला. खिरीवर माशा बसल्या. आबांची पत्रावळ जशीच्या तशी.

 सगुणा आबांच्या पत्रावळीवरून नजर काढत नव्हती. एक भरलेली. एकच पुरे.

"मोजा," हूदोजी म्हणाला.

सुतारपक्षी आबांच्या पाटाशी आला. "जांभूळनगर. पत्रावळ भरलेली. नकार."

"थांब," हूदोजी म्हणाला. तो उठला, आबांच्या भोवती एक फेरी मारून आला आणि फुगवट्यावर त्याने हलकेच थाप मारली. "यांचं जेवण झालेलं आहे."

"इथलं नाही, साहेब."

"रीत काय आहे आपली? जेवला त्याचा होकार. कुठं जेवला, काय जेवला, हे कुठं म्हटलंय? जो सभासद घरूनच पोटभर जेवून आला, तो घरूनच होकार घेऊन आला. लिही. जांभूळनगर, होकार."

"हे चूक आहे!" सगुणा वरून ओरडली.

"पाहुण्यांनी बोलू नये," हूदोजी म्हणाला. "विशेषतः तोंडात घास नसताना."

सगुणा फांदीला घट्ट धरून बसली. तिच्या डोळ्यांसमोर फुली आली, डिंक आला आणि पिल्लू आले. पिल्लू कसे पडेल तेही आले.

"पुढं मोज," हूदोजी म्हणाला. "उरलेली चार उरकून घे. ऊन उतरायच्या आत आंघोळीला जायचंय मला."

सुतारपक्षी अस्वलाकडे गेला आणि थबकला. सांबराकडे गेला. साळींदराकडे, वानराकडे गेला. परत अस्वलाकडे आला.

"साहेब," तो म्हणाला, "चारही भरलेल्या आहेत."

"काय?"

खरेच. चारही पत्रावळी जशाच्या तशा होत्या. कोणी एक घाससुद्धा मोडला नव्हता. सगळ्यांचे डोळे फुगवट्यावर खिळले होते.

"का हो अस्वलराव?" हूदोजीने विचारले. "खीर बिघडली का?"

"खीर ठीक आहे," अस्वल घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी त्या दोन टोकांकडे बघतोय. ते सुळे मी ओळखतो. चौदा वर्षं माझ्या शेजारच्या पाटावर बसायचे."

"तुळाजी?" सांबर पुटपुटले.

"तुळाजी," साळींदर म्हणाले. "मागच्या सभेत त्यानं माझ्या पत्रावळीतलंही खाल्लं होतं. आणि आता बघा."

"यावरून काय दिसतं?" वानराने विचारले. तो जरा मंद होता.

"यावरून असं दिसतं," अस्वल म्हणाले, "की जांभूळनगरात देखरेख कडक झाली आहे. सभेत जो खातो, त्याला नगर गिळतं."

वानराने हातातले कंद हळूच पत्रावळीत ठेवले आणि हात पाठीमागे नेले.

"अहो, एक घास तरी," हूदोजी काकुळतीला आला. "ठरावासाठी."

"भूक नाही," चौघे एकदम म्हणाले.

सुतारपक्ष्याने लिहून घेतले. ठरावाच्या बाजूने एक, जांभूळनगर. विरुद्ध चार. ठराव बारगळला.

सगुणा फांदीवरून तीन हात उंच उडाली. आपले झाड आपल्या नगराने दिले आणि परक्या नगरांनी वाचवले, हे तिच्या लक्षात आले नाही. आनंदात तसे लक्षात येत नाही.

जांभूळनगरात परत आल्यावर मोठी सभा भरली. या खेपेला सगळे उभेच होते.

बगळ्याने अहवाल वाचला. "प्रतिनिधी जाताना जाड. येताना तेवढेच जाड. म्हणजे मधे काहीही खाल्ले नाही. इतका स्वच्छ कारभार समितीने पूर्वी पाहिलेला नाही."

टाळ्या झाल्या. गवाअण्णा उठले.

"आणि एवढ्यावर थांबलं नाही," ते म्हणाले. "चार नगरं विरोधात गेली, तरी आपल्या प्रतिनिधींनी एकट्यानं होकार टिकवला. झोपेतसुद्धा डगमगले नाहीत."

"अण्णा," सगुणा म्हणाली, "होकार द्यायचा नव्हता आपल्याला."

"ते तपशील झाले. झाड आहे ना जागेवर?"

झाड होते. 

"पण गाफील राहून चालणार नाही," गवाअण्णा पुढे म्हणाले. "दोन महिन्यांनी पुन्हा सभा आहे. बारगळलेला ठराव तिथं पुन्हा येईल. ठराव कधी मरत नाही. तो फक्त पुढच्या सभेत जातो. तेव्हा हीच पद्धत कायम ठेवावी. काय आबा?"

"दोन महिन्यांनी पोट रिकामं असेल," अजगरआबा म्हणाले.

"म्हणजे त्याआधी एक प्रतिनिधी निवडावा लागेल. आत जाण्यासाठी. कोण इच्छुक आहे?"

चौदा वर्षे या जागेसाठी दर निवडणुकीला मारामाऱ्या होत. आज म्हातारे भेकर आकाशाकडे पाहू लागले. मुंगसाला अचानक खोकला आला. घोरपडीने मेल्याचे सोंग केले.

मग एकेक मान सगुणाकडे वळली.

"नाहीतरी बाईंना मंडळाची माहिती आहे," मुंगूस म्हणाले.

"प्रश्नही त्यांचाच आहे," भेकर म्हणाले.

"तळमळ पण आहे," घोरपड मेल्या तोंडाने म्हणाली.

"झाडासाठी जीव देईन, असं म्हणाल्या होत्या," गवाअण्णा म्हणाले.

"मी असं कधीच म्हटलेलं नाही!"

"मनात होतं तुमच्या. चेहऱ्यावर दिसत होतं. सगुणाबाई शेकरू एकमताने बिनविरोध निवडून आल्या आहेत. हार आणा."

रानजाईचा हार घालण्यात आला. अजगरआबांनी तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिले.

"लहान आहे," ते म्हणाले. "पण शेपटीसकट चालून जाईल."

त्या दिवसापासून सगुणाने पिल्लाला उड्या शिकवायला घेतल्या. सकाळी एक वीत, दुपारी दोन वीत. पिल्लू घाबरे. ती म्हणे, "मार, राजा. खाली बघू नकोस." ते पडे, ती झेली. पंधरवड्यात ते एका फांदीवरून दुसरीवर गेले. महिन्याने एका झाडावरून दुसऱ्यावर. नगरातले लोक खाली उभे राहून कौतुक करत. प्रतिनिधी तब्येत राखून आहेत, असे म्हणत.

पन्नासाव्या दिवशी अजगरआबांनी जांभई दिली.

एकावन्नाव्या दिवशी पहाटे सगुणा निघाली. पिल्लू पुढे, ती मागे. बेहड्यावरून जांभळीवर, जांभळीवरून अंजनीवर. तिने एकदाच मागे पाहिले. तीन घरटी होती. तिसऱ्यात पिल्लाच्या अंगाचा खळगा अजून तसाच असेल. मग तिने उडी मारली. तीन डोंगर ओलांडून ती थांबली.

वेशीवरच्या बगळ्याने तिला पाहिले होते. त्याने नोंद केली, "गेल्या." आल्याची नोंद करायची म्हणून तो तीन दिवस पाय न बदलता उभा राहिला.

चौथ्या दिवशी जांभूळनगरात सभा भरली. प्रतिनिधी नाही, आबांना भूक लागलेली. कोणी कोणाच्या जवळ उभे राहत नव्हते.

"हा पेच कशामुळे आला?" गवाअण्णांनी विचारले.

"झाडामुळे," सगळे म्हणाले.

"त्या झाडावर आता कोण राहतं?"

मुंगूस जाऊन पाहून आले. "कोणी नाही, अण्णा. तीनही घरटी रिकामी."

"मग झाड द्यायला हरकत कुणाची?"

कोणाचीच नव्हती. सगळ्यांना हायसे वाटले. आता भरल्या पोटाचा प्रतिनिधी पाठवायची गरजच उरली नव्हती. कोणीही जावे आणि पोटभर जेवून यावे. पाच मिनिटांत तेरा जण इच्छुक झाले. घोरपड तर सगळ्यांत पुढे होती.

अमावास्येला ठराव मंजूर झाला. जांभूळनगराचा नवा प्रतिनिधी निर्धास्त जेवताना पाहून बाकी चौघांचीही भूक परत आली. पत्रावळी अशा स्वच्छ झाल्या, की त्या धुवून पुन्हा वापरता आल्या असत्या.

बेहडा पडला तेव्हा आवाज तीन डोंगरांपलीकडे गेला. सगुणाच्या हातातले फळ गळून पडले. पिल्लाने विचारले, "आई, काय पडलं?" ती म्हणाली, "काही नाही. तू जेव."

उत्तरेच्या कोरड्या नाल्यावर दुसरे चाक उभे आहे. त्याला पाणी अजून दिसलेले नाही, किंवा पाण्याला ते.

आणि जांभूळनगरात झाड द्यायचे ठरले, त्याच सभेत शेवटी आणखी एक ठराव झाला. सगुणाबाईंनी वेळेवर झाड रिकामे करून दिले, याबद्दल नगर त्यांचे ऋणी आहे. हा ठराव एकमताने मंजूर झाला.

तात्पर्य : मुलांनो, आपला प्रतिनिधी सभेत काय करतो, ते कधी विचारू नये. विचारणाऱ्याला समाजात फार मान मिळतो, आणि पुढच्या खेपेला त्यालाच पाठवतात.